अंगावरचं दूध बाळाला सोसत नाही तेव्हा

१९०८ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ ऑगस्ट फॉन रॉइस यांनी एका तान्ह्या बाळाची हकिकत छापली. बाळ अंग धरत नव्हतं, यकृत वाढलं होतं आणि लघवीतून साखर जात होती. तीही ग्लुकोज नव्हे, गॅलॅक्टोज. दूध तोडल्यावर ती जायची थांबली, पण बाळ वाचलं नाही. या आजाराला आज गॅलॅक्टोसेमिया म्हणतात.

दुधातली साखर, लॅक्टोज, म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. मोठ्या माणसांना 'दूध पचत नाही' ती तक्रार निराळी. तिथे ही जोडीच नीट फुटत नाही. इथे ती व्यवस्थित फुटते, घोळ पुढे होतो. गॅलॅक्टोजचं ग्लुकोज कसं बनतं, हे अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये लुइस लेलुआर यांनी उलगडलं. १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. १९५६ मध्ये हर्मन काल्कार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या बाळांच्या रक्तपेशींत त्या वाटेवरचं एक एन्झाइम, 'गॅल्ट', नसतं. मग अर्धवट राहिलेलं गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांत साचत जातं. डोळ्याच्या भिंगात गॅलॅक्टिटॉल तयार होतं, ते बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतं आणि तान्हेपणीच मोतीबिंदू होतो. त्यात ई. कोलाय जंतूंचा संसर्ग रक्तात पसरला, तर काही दिवसांतच बाळ दगावू शकतं.

पहिली खूण बहुधा कावीळ. ती इतक्या नवजात बाळांना होते, की घरचे निर्धास्त असतात. ग्लुकोजच ओळखणारी लघवीची पट्टीही इथे गप्प बसते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं निळं बेनेडिक्ट द्रावण मात्र रंग बदलतं.

१९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतलं रक्त कागदावर टिपून तपासायची रीत रुळवली, ती फिनाइलकीटोनुरिया या दुसऱ्या आजारासाठी. पुढे त्याच कागदावर गॅलॅक्टोसेमियाही शोधला जाऊ लागला. भारतात गोव्याने २००८ मध्ये राज्य पातळीवर नवजात तपासणी सुरू केली.

निदान वेळेत झालं, तर अंगावरचं दूध थांबवून तान्ह्या बाळांसाठी बनवलेली सोयाबीनची दूध-पावडर देतात. यकृत आश्चर्य वाटावं इतक्या लवकर सावरतं. पण १९९० मध्ये सुमारे ३५० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि उमेद ओसरली: पथ्य पाळूनही अनेकांना बोलण्यात अडचणी होत्या, बहुतेक मुलींच्या बीजकोशांचं काम मंदावलेलं होतं. कारणाचा एक धागा पुढे १९९५ मध्ये सापडला. दुधाचा थेंबही न घेता शरीर स्वतःच रोज गॅलॅक्टोज तयार करत असतं.