धंदा म्हणजे पैशाची हाव?

‘धंद्यात पडतो तो पैशाच्या हावेपायी, नाहीतर बापजाद्यांची गादी असते म्हणून.’ वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज लक्ष्मणराव किर्लोस्करांना लावून बघा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत. हक्काची बढती त्यांना डावलून अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, आणि त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. ठिणगी पडली ती अपमानाची.

बेळगावात सायकलचं दुकान होतंच. मग कडबा कापायची यंत्रं आली, पाठोपाठ लोखंडी नांगर. श्रीमंतीची घाई असलेला माणूस नांगराच्या वाटेला गेलाच नसता! लोखंडाने जमीन विषारी होते म्हणत शेतकरी तो हातात घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागाही सुटली आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.