डोमिसाईल: सीटसाठी वेगळं, फीसाठी वेगळं

भाचीच्या एलसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) जन्मस्थळ बेळगाव आहे. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी म्हणजे आमच्याकडे आलेली, बस एवढंच कारण. पोरगी वाढली कोल्हापुरात, दहावी-बारावी पण तिथलीच, तरी इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला) डोमिसाईलसाठी, म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी असल्याच्या दाखल्यासाठी, पळापळ झालीच. म्हणून लिहितोय.

आधी सीटचं बघा. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास आणि जन्म महाराष्ट्रातला किंवा डोमिसाईल, यातलं एक असलं तरी तुम्ही टाइप ए (कॅपमध्ये महाराष्ट्रातल्या उमेदवारांचे असे टाइप पाडलेत). म्हणजे एलसीवर जन्मस्थळ महाराष्ट्रातलं लिहिलेलं असेल तर सीटपुरतं तेवढ्यावर भागतं. बारावी राजस्थानात कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून दिली असेल तर टाइप ए गेला, पण स्वतःचं किंवा आई-वडलांपैकी एकाचं डोमिसाईल असेल तर टाइप बी मिळतो. मेडिकलला मात्र हे धकत नाही हां, 85 टक्के स्टेट कोट्यासाठी दहावी-बारावी इथलीच बघतात, नाहीतर मग ऑल इंडियाच्या 15 टक्क्यांत नंबर लावा. आमच्यासारख्या सीमाभागातल्या, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी पोरांना टाइप ई आहे, त्याला मातृभाषा मराठी असल्याचा दाखला वेगळा लागतो.

आता फी, आणि लोक फसतात ते इथंच. एलसीवर सीट मिळाली म्हणून निवांत बसतात आणि मग राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) भरायला घेतला की तिथं डोमिसाईल मागतात. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे, त्याला तहसीलदारांचा दाखला, आणि ॲडमिशन कॅपमधूनच झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातल्याला काही नाही. मुलांना ट्यूशन फी निम्मी माफ, मुलींना 8 जुलै 2024 च्या जीआरनंतर (सरकारी निर्णयानंतर) पूर्ण माफ. पण माफ फक्त ट्यूशन आणि परीक्षा फी! डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस सगळं आपल्याच खिशातून, 'मुलींना शिक्षण फुकट' ऐकून गेलेले बाप कॉलेजच्या काउंटरवर पावती बघून गप्प होतात.

डोमिसाईल काढायला आपले सरकार पोर्टल किंवा जवळचं सेतू. आधार, रेशन कार्ड किंवा लाईट बिल, एलसी किंवा जन्मदाखला, फोटो, स्वयंघोषणापत्र आणि मुख्य म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा. भाचीचं इथंच अडलं, कारण शाळा दोनदा बदललेली आणि पहिल्या शाळेचं बोनाफाईड कोणी आणलंच नव्हतं, शेवटी पहिलीपासूनचे सगळे कागद एकाला एक जोडून दिले तेव्हा कुठे काम झालं. दाखला मिळायची मुदत 15 दिवसांची असते पण जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे पोरगं बारावीत गेलं की दिवाळीच्या सुट्टीतच अर्ज टाकून मोकळे व्हा. आणि आईचं डोमिसाईल दाखवणार असाल तर माहेरच्या-सासरच्या नावाचा घोळ होतो, मॅरेज सर्टिफिकेट फाईलमध्ये ठेवा.