दवाखान्यातला ईईजी आणि संशोधनातला ईआरपी: पीएच.डी.चा विषय ठरवण्याआधी

बडोद्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. करून पीएच.डी.कडे वळणाऱ्यांच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक बेत हमखास असतो. इस्पितळात मानसोपचाराच्या रुग्णांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख, निघालेलेच असतात. ते मिळवायचे, त्यावरून रुग्णांचं लक्ष, स्मृती किंवा भावनांवरची प्रतिक्रिया कशी चालते ते पाहायचं आणि निरोगी माणसांशी तुलना करायची. बेत खर्चात बसणारा आहे, गाइडलाही पटतो, पण त्या आलेखांतून या प्रश्नांचं उत्तर निघत नाही. त्यासाठी ईआरपी लागतो, म्हणजे एखाद्या ठरावीक घटनेला मेंदूने दिलेला विद्युत प्रतिसाद. ईईजी आणि ईआरपी या दोन्हींत डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि दोन्हींत मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, म्हणून ते एकच वाटतात. वर्षभर माहिती गोळा केल्यावर हा फरक कळला, तर ते वर्ष वाया जातं.

हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख 1924 मध्ये जर्मनीत येना इथे घेतला आणि 1929 मध्ये तो प्रसिद्ध केला. दवाखान्यातला ईईजी थेट त्याच परंपरेतला. न्यूरॉलॉजिस्टला आकडीची शंका असते, कधी बेशुद्धीचं कारण शोधायचं असतं, कधी मेंदूला सूज आहे का ते पाहायचं असतं. रुग्ण डोळे मिटून पडलेला असतो. रेकॉर्डिंग निदान 20 मिनिटं चालतं. त्यात काही वेळा डोळे उघडायला-मिटायला सांगतात, 3 मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिवा वेगवेगळ्या गतीने चमकवतात, आणि झोप लागली तर उत्तमच. वाचणारा डॉक्टर एका पडद्यावर 10 सेकंदांचा भाग पाहत पुढे सरकतो. त्याची नजर शोधत असते ती न सांगता उमटलेली लाट: 20 ते 70 मिलिसेकंदांचा टोकदार 'स्पाइक', 70 ते 200 मिलिसेकंदांची 'शार्प वेव्ह', किंवा लहान मुलांच्या ॲबसेन्स आकडीत दिसणारी सेकंदाला तीनच्या लयीतली स्पाइक-वेव्हची माळ. अशी लाट एकदाच आली तरी तिला अर्थ असतो. उलट सगळा आलेख नॉर्मल आला तरी आकडीचा आजार नाही असं ठरत नाही.

ईआरपीचं गणितच निराळं. इथे माणूस जागा असतो, खुर्चीत बसून काही तरी काम करत असतो, आणि त्या कामातल्या ठरावीक क्षणाला मेंदूने दिलेला प्रतिसाद हवा असतो. हा प्रतिसाद एकेका वेळी डोळ्यांना दिसतच नाही. पार्श्वभूमीची लहर 10 ते 50 मायक्रोव्होल्टची, आणि प्रतिसाद बहुधा त्याहून बराच लहान. म्हणून तोच प्रसंग पुनःपुन्हा घडवून आणायचा, दर वेळचा तुकडा कापायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची. प्रतिसाद दर वेळी साधारण त्याच क्षणी येतो म्हणून टिकतो, आणि बाकीची लहर कशीही येते म्हणून विरत जाते. ती विरते तीसुद्धा वर्गमुळाच्या हिशेबाने. गोंधळ 10 मायक्रोव्होल्टचा असेल तर 25 तुकड्यांच्या सरासरीत 2 मायक्रोव्होल्ट उरतो, आणि 1 वर आणायला 100 तुकडे लागतात. सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ज्याची नोंद केली, तो पी300, म्हणजे वेगळी, लक्ष वेधणारी गोष्ट आल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनी उमटणारी लाट, याच पद्धतीने दिसला.

इस्पितळातल्या फाइलीत नेमकं काय नसतं, तर 'केव्हा'. रुग्णाला काही दाखवलं नाही, काही ऐकवलं नाही, म्हणून कापायला क्षणच नाही. टेक्निशियनने 'डोळे उघडले' अशी नोंद हाताने टाकलेली असते. ती एखाद्या सेकंदाने मागेपुढे झाली तरी डॉक्टरचं काही अडत नाही. ईआरपीत उद्दीपनाची खूण, म्हणजे ट्रिगर, मिलिसेकंदाच्या अचूकतेने रेकॉर्डिंगमध्ये पडावी लागते. ती संगणकातून केबलने ॲम्प्लिफायरला जाते. ही केबल आणि तिच्यामागचा प्रोग्राम हाच सगळ्यात मोठा फरक आहे. यंत्र महाग की स्वस्त हा मुद्दा त्याच्यानंतरचा.

पहिल्या प्रकल्पात सगळ्यात जास्त घोटाळे या ट्रिगरचेच होतात. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र काढतो. प्रोग्रामने 'चित्र दाखव' म्हटल्यावर ते खरोखर दिसेपर्यंत उशीर होतो. उशीर कायम तेवढाच असला तर चालतो, वजा करता येतो. तो दर वेळी बदलत असेल तर सरासरीतला सुळका पसरतो आणि बुटका होतो, आणि तुम्हाला वाटतं की रुग्णांचा प्रतिसादच क्षीण आहे. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर) चिकटवून पन्नासेक ट्रायल, म्हणजे त्याच प्रसंगाच्या आवृत्त्या, तपासल्या की हे कळतं. आवाजाच्या प्रयोगात ब्लूटूथ हेडफोन मुळीच वापरू नयेत. त्यांचा उशीर मोठाही असतो आणि बेभरवशाचाही.

याच्याशी जोडलेली, पण यंत्राशी काहीही संबंध नसलेली अडचण मानसोपचाराच्या रुग्णांत हटकून येते. स्किझोफ्रेनियात पी300 गटाच्या पातळीवर लहान दिसतो, हे अनेकांनी पडताळलं आहे. पण एखाद्या रुग्णाचा प्रतिसाद एका ट्रायलला 320 मिलिसेकंदांवर, दुसऱ्याला 450 वर येत असेल, तर प्रत्येक प्रतिसाद धडधाकट असूनही सरासरी बसकी येते. तेव्हा 'लहान' आणि 'अस्थिर' यांत फरक करणं हे विश्लेषणाचं काम आहे आणि ते सिनॉप्सिसमध्येच लिहायला हवं. प्रतिक्रियेचा वेळ किती खाली-वर होतो हे सोबत पाहिलं की बरंच उलगडतं. आणि गटांत फरक दिसला म्हणून पी300 पाहून एका माणसाचं निदान होत नाही. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात.

ट्रायलचा हिशेब आधी कागदावर मांडा. ऑडबॉल प्रयोगात 80 टक्के आवाज साधे आणि 20 टक्के वेगळे, वेगळा आवाज आला की बटण दाबायचं. सरासरीला 40 चांगले तुकडे हवेत, आणि डोळ्यांची उघडझाप, हालचाल, चुकलेली बटणं यांत रुग्णांचे तिसरा हिस्सा तुकडे जातील असं धरा. मग वेगळे आवाज 60, एकूण आवाज 300, प्रत्येकी दीड सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं. मधल्या विश्रांतीसह दहा-बारा. कॅप लावायला 30 ते 45 मिनिटं वेगळी. एका बैठकीत तीन-तीन प्रयोग उरकायचा मोह नवख्यांना होतो, आणि तिसऱ्या प्रयोगात रुग्ण पेंगत असतो.

झोपेचं तर अगदी उलट आहे. दवाखान्यात आदल्या रात्री कमी झोपून या म्हणून मुद्दाम सांगतात, कारण जागरणाने आणि झोप लागताना स्पाइक उमटण्याची शक्यता वाढते. ईआरपीत तेच जागरण सगळं बिघडवतं: अल्फा लहर (सेकंदाला 8 ते 13 वेळा येणारी, निवांतपणाची लय) पसरते, पी300 खाली येतो. म्हणून बडोद्यात नवरात्राचे नऊ दिवस आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस वेळापत्रकातून काढूनच टाकावेत. रात्री दीडपर्यंत गरबा खेळून आलेला निरोगी गट आणि औषध घेऊन वेळेवर झोपलेला रुग्ण यांची तुलना कशाचीच तुलना होत नाही.

उन्हाळ्याचंही भान ठेवावं. घाम आला की आलेख सेकंदासेकंदाने संथ वरखाली डोलू लागतो. दवाखान्यात खालचा फिल्टर (त्याहून संथ लहरी कापणारा) 1 हर्ट्झला लावला की हे डोलणं दिसेनासं होतं आणि स्पाइकचं काही बिघडत नाही. ईआरपीत ती सोय नाही. पी300 ही संथ लाट असल्यामुळे 1 हर्ट्झचा फिल्टर तिलाच कापतो, आणि वर तिच्या आगेमागे मुळात नसलेल्या उलट्या लाटा निर्माण करतो. तिथे 0.1 हर्ट्झच्या आसपास राहावं लागतं. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये खोली माणूस यायच्या अर्धा तास आधी गार करून ठेवायची, पण एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही, नाही तर डोळे सुकून उघडझाप वाढते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड खुर्चीपासून दूर हलवले की विजेच्या लाइनची 50 हर्ट्झची गुणगुण निम्म्या वेळा तिथेच थांबते.

केसांना तेल हा आपल्याकडचा खास प्रश्न. आदल्या दिवशी शाम्पूने धुतलेले, कोरडे, तेल न लावलेले केस हवेत, आणि हे फोनवर स्पष्ट सांगावं, कारण दवाखान्यात जायचं म्हणून आजी-काकू मुद्दाम तेल लावून, चापून वेणी घालून पाठवतात. गजरा, पिना आणि कानातलं काढायला सांगावं. कॅप बसवताना टेप नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत धरा. अंतर 36 सेंटिमीटर आलं तर मध्यबिंदू 18 वर, तिथे सीझेड, म्हणजे डोक्याच्या मधोमधचा इलेक्ट्रोड, यायला हवा. कानापासून कानापर्यंत मोजूनही तोच बिंदू आला पाहिजे. मग बोथट सुईच्या सिरिंजने केस बाजूला सारून त्वचेपासून वर येत जेल सोडायचं. इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचा यांमधला विजेचा अडथळा) 5 किलोओहमच्या खाली आणावा. नवे ॲम्प्लिफायर त्याहून जास्तही चालवून घेतात, पण उन्हाळ्यात ती सवलत घेऊ नये. जेल जास्त झालं तर शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पसरून दोघांचा एकच आलेख होतो. दोन वाहिन्या हुबेहूब सारख्या दिसल्या की मेंदूविषयी काही अनुमान काढण्याआधी जेल पुसा.

शब्द वापरून प्रयोग करणार असाल तर बडोद्याच्या मराठी माणसांबाबत जपून. दांडिया बाजारातल्या घरात मराठी बोलणारी मुलगी शाळेत गुजरातीत किंवा इंग्रजीत शिकलेली असते. तिला मराठी कानाने येते, पण देवनागरी वाचण्याचा वेग पुण्यातल्या मुलीइतका असेलच असं नाही. पडद्यावर 400 मिलिसेकंद 'दुःख' दाखवलं आणि प्रतिसाद उशिरा आला, तर तो उशीर भावनेचा की वाचनाचा, हे सांगता येणार नाही. आवाज, चेहरे किंवा चित्रं घ्या, नाही तर घरची भाषा, शाळेची भाषा आणि लिपीचा वेग तिन्ही मोजून ठेवा.

कोण काय करू शकतं यातही गल्लत होते. ईईजीचा रिपोर्ट न्यूरॉलॉजिस्ट लिहितो. मानसशास्त्राचा संशोधक रेकॉर्डिंग घेऊ शकतो, विश्लेषण करू शकतो, पण 'आलेख नॉर्मल आहे' असं सहभागी माणसाला तोंडी सांगणंही त्याचं काम नव्हे. संशोधनाच्या आलेखात स्पाइकसारखं काही दिसलं तर ते कोणत्या डॉक्टरकडे, किती दिवसांत पाठवायचं हे एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहून ठेवावं. तसंच, ईआरपीवर पीएच.डी. झाली म्हणून माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता मागतो. त्याच कायद्याचं कलम 99 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीवरच्या संशोधनाला तिची मोकळी, समजून दिलेली संमती आवश्यक ठरवतं. संमतिपत्र गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत ठेवा. एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या सहभागीच्या आधीच हवी, मागाहून मिळत नाही. आणि 'यातून मनातलं कळतं का?' हा प्रश्न गुजरातेत येणारच, कारण गुन्ह्यांच्या तपासातलं ब्रेन मॅपिंग लोकांच्या कानावर गेलेलं आहे. अशी चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात ठरवलं. तुमच्या प्रयोगात मनातलं काही कळत नाही, हे सरळ सांगा.

समजा ट्रिगरची सोय नाही, लॅब नाही, आणि हाताशी फक्त इस्पितळातल्या फाइली आहेत. तरी विषय सोडायची गरज नाही, प्रश्न बदलावा लागतो. डोळे मिटून जागेपणी मेंदूची लय कशी आहे, अल्फाचं शिखर कितव्या हर्ट्झवर आहे, औषधाने ते सरकतं का, हे त्या फाइलींना विचारता येतं. त्यासाठी छापील रिपोर्ट किंवा पीडीएफ उपयोगाची नाही. मूळ रेकॉर्डिंग ईडीएफ या ईईजीच्या सर्वसाधारण फाइल-स्वरूपात, फिल्टर न लावता मागा. ती ईईजीलॅब किंवा एमएनई-पायथनमध्ये उघडते, आणि हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती नोंदी), रेफरन्स (ज्याच्या तुलनेत मोजतात तो इलेक्ट्रोड) कुठे होता, डोळे कधी मिटले आणि झोप कधी लागली हे टेक्निशियनकडून फाइलगणिक लिहून घ्या. औषधांची यादी डोस आणि शेवटच्या गोळीच्या वेळेसह हवी. लोराझेपाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या बीटा लहर (अल्फाहून जलद) वाढवतात, क्लोझापाइन लय मंदावतं आणि कधी स्पाइकही दाखवतं, लिथियमनेही मंदपणा येतो. अभ्यासासाठी कुणाचंही औषध थांबवायचं नाही. जागेपणी, डोळे मिटलेले, स्वच्छ असे सलग निदान 2 मिनिटांचे भाग ज्या फाइलींत सापडत नाहीत त्या बाजूला ठेवा, आणि किती फाइली कोणत्या कारणाने गळल्या याचा तक्ता पहिल्या दिवसापासून भरत जा. परीक्षक तोच तक्ता आधी मागतो.