चाकातली घरघर आणि पोलादाचा थकवा

पावसाळा सरता सरता पुण्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "साठच्या पुढे गेली की चाकातून घरघर येते." त्यावरचा सल्लाही ठरलेला, "ग्रीस भरून घ्या, थांबेल." ज्या गाड्यांचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून त्यातलं बेअरिंग (दोन पोलादी रिंगा आणि त्यांच्यात फिरणारे छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या) धुता येत असे त्यांना हा सल्ला काही प्रमाणात लागू होता. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकातलं बेअरिंग कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी सील केलेलं असतं. घरघर सुरू झाली याचा अर्थ बहुधा आतलं पोलाद फुटायला लागलंय, आणि ते ग्रीसने भरून येत नाही.

घरघर बेअरिंगचीच आहे ना, हे आधी बघावं. टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर गेलं की बदलतो, बेअरिंगचा रस्ता बदलला तरी तसाच राहतो आणि वेगाबरोबर चढतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. मग जॅक लावून एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायची. कानाला न ऐकू येणारी खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते.

आता आत काय घडतं ते पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. छर्रा गोल, आणि तो ज्या खाचेत फिरतो ती रेस वक्र. दोघांचा स्पर्श होतो तो जेमतेम एका ठिपक्याएवढ्या जागेत. चाकावरचं अडीचशे-तीनशे किलो वजन अशा मोजक्या ठिपक्यांवर वाटलं जातं, त्यामुळे तिथला दाब एक-दीड गिगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दहा-पंधरा हजार पटींपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या दाबाखाली पोलादही किंचित दबतं. हे गणित हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८१-८२ मध्ये मांडलं. ज्यांच्या नावाने आपण वारंवारता मोजतो तेच हे हर्ट्झ. त्यातून निघालेली चकित करणारी गोष्ट अशी, की पोलादाला कातरणारा सर्वात मोठा ताण पृष्ठभागावर नसतोच. तो असतो त्याच्या खाली, मिलिमीटरच्या एक-दोन दशांश खोलीवर.

एक छर्रा पुढे सरकला की तिथला ताण उतरतो, पुढचा आला की चढतो. तार पुन्हा पुन्हा वाकडी-सरळ केली की तुटते, तसंच हे. चाकाचा एक फेरा साधारण १.८ मीटरचा धरला तर लाख किलोमीटरमध्ये साडेपाच कोटी फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच जागेवरून अनेक छर्रे जातात. एके दिवशी आतल्या आत बारीक भेग पडते, तिरकी वर येते, आणि रेसचा पापुद्रा निघतो. जुनं बेअरिंग कापून पाहिलं तर आरशासारख्या रेसवर खडबडीत कडांचा खड्डा दिसतो, नख फिरवलं तर अडकतं. प्रत्येक छर्रा त्यात आपटत जातो, तीच घरघर.

१९४७ मध्ये स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी या थकव्याचं सूत्र दिलं. बेअरिंगची भारक्षमता भागिले प्रत्यक्ष भार, याचा घन म्हणजे आयुष्य, दहा लाख फेऱ्यांच्या एककात. छर्ऱ्यांऐवजी रोलर असतील तर घात तीनऐवजी दहा-तृतीयांश. भार दुप्पट झाला तर आयुष्य एक-अष्टमांश. नुसता सव्वापट झाला तरी जवळपास निम्मं. हे 'एल-टेन' आयुष्य, म्हणजे एकसारख्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद जितकं टिकतील तितकं. उरलेली दहा त्याआधी जाणार हे सूत्रातच धरलेलं आहे. म्हणून सारसबागेत पूजा करून आणलेल्या गाडीचं एक बेअरिंग लवकर गेलं तर नजर लागली असं मानू नये. पूजेच्या आनंदाला माझी हरकत नाही. पण चाकाखाली चिरडलेलं लिंबू या सांख्यिकीत काही बदल करत नाही. 'लाइफटाइम' असं छापलेला खोकाही नाही.

मग चांगलं बेअरिंग आणि स्वस्त बेअरिंग यांत फरक कुठे? चकाकीत नाही, ती दोघांनाही असते. भेग सुरू होते ती बहुधा पोलादात अडकलेल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण कणापाशी. एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेलं पोलाद वितळलेलं असतानाच निर्वात करून त्यातले वायू काढले, असे कण कमी केले, तर आयुष्य कितीतरी पट वाढतं. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, आणि नकली माल बनवणारा नेमका तोच वाचवतो.

नाना पेठेत स्पेअर घ्यायला गेलात तर अधिकृत विक्रेत्याकडून, पक्कं बिल घेऊनच घ्या. चिंचवडला एसकेएफ आणि तळेगावला शेफलर या बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखाने आहेत; अस्सल माल मिळणं या शहरात अवघड नाही. खोक्यावरचा आणि बेअरिंगवर कोरलेला नंबर जुळतो का बघा. एसकेएफचं नकली माल ओळखायला मदत करणारं अॅपही आहे, त्यात फोटो पाठवता येतात. बाजारभावाच्या निम्म्यात 'ओरिजिनल' मिळत असेल तर ते घेऊ नका.

बसवताना मात्र उत्तम बेअरिंगही पाच मिनिटांत वाया जातं. नकलमध्ये (इंग्रजी 'knuckle', बेअरिंग ज्यात बसतं तो सस्पेन्शनचा भाग) प्रेस मारताना जोर बाहेरच्या रिंगवरच हवा, हब घालताना आतल्या रिंगला मागून आधार हवा. चुकीच्या रिंगवर जोर दिला किंवा हातोडा मारला तर तो छर्ऱ्यांतून जातो आणि रेसवर प्रत्येक छर्ऱ्याचा खळगा उमटतो. गाडी सुरू होण्याआधीच भेगांची सोय झाली. फिटरकडे प्रेस नसेल तर दुसरं गॅरेज बघा. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या अनेक गाड्यांत एका सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे हवी, उलटं बसलं तर डॅशवर दिवा पेटतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. एक्सल नट, म्हणजे चाकाच्या आसावरचा नट, नवाच घ्या आणि टॉर्क-पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्याइतकाच आवळा, कारण अनेक गाड्यांत आतल्या दोन रिंगांना एकत्र धरून ठेवतो तो हा नटच. तो आवळेपर्यंत गाडी चाकांवर उतरवून इंचभरही ढकलू देऊ नका.