अभिक्रियागतिकी : प्राचलांचे मापन आणि प्रतिमाने

रासायनिक अभिक्रिया किती वेगाने घडते आणि संहती, तापमान, दाब, उत्प्रेरक यांप्रमाणे तो वेग कसा बदलतो हे सांगणाऱ्या आकड्यांना गतिकीय प्राचल म्हणतात. वेगस्थिरांक (संहतीवरून वेग काढताना लागणारा गुणांक), अभिक्रियेची कोटी (संहती बदलली की वेग किती बदलतो ते सांगणारा घात), सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला रेणूंना लागणारी किमान ऊर्जा) आणि घातपूर्व गुणक (तापमान अमर्याद वाढवले तर वेगस्थिरांक जिथे पोहोचेल तो आकडा) हे त्यांतले नेहमी लागणारे चार. यांतला एकही आकडा कोणत्याही उपकरणावर थेट वाचता येत नाही. उपकरण दाखवते कोन, रंगाची गडदी, दाब, विद्युतवाहकता किंवा बाहेर पडणारी उष्णता. त्या वाचनावरून संहती काढायची, संहती कशी उतरत गेली त्यावरून वेग आणि वेगावरून प्राचल. प्रत्येक पायरीवर एखादे गृहीतक असते आणि हाती येणाऱ्या आकड्यात ती सगळी मुरलेली असतात. त्यामुळे कोणत्या तापमानात, कोणत्या संहतीत आणि कोणत्या द्रावकात मोजले हे न सांगता दिलेला वेगस्थिरांक अर्धवटच समजावा.

साखरेचे द्रावण

या विषयाची सुरुवात एका साध्या प्रयोगाने झाली. लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये आम्लयुक्त पाण्यात विरघळलेली साखर किती वेगाने फुटते ते मोजले. आम्लामुळे सुक्रोजचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. सुक्रोजचे (म्हणजे नेहमीच्या साखरेचे) द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते (विशिष्ट वलन सुमारे +६६.५°), तर तयार होणारे मिश्रण डावीकडे (सुमारे −२०°). ध्रुवणमापकाच्या (हे वळण मोजणाऱ्या उपकरणाच्या) नळीत द्रावण भरून ठरावीक वेळाने कोन टिपत गेले, की द्रावणाचा एक थेंबही बाहेर न काढता अभिक्रिया पाहता येते. दर क्षणाचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे विल्हेल्मी यांना आढळले. आज याला पहिल्या कोटीचा वेगनियम म्हणतात.

हा प्रयोग आजही शिकवला जातो आणि त्यात चुकायच्या जागाही पुष्कळ आहेत. कोन शून्यावर आला म्हणजे अभिक्रिया संपली, असा नवशिक्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी सुमारे तीन चतुर्थांश साखर फुटलेली असते, पाव भाग अजून शिल्लक असतो. खरी अडचण शेवटच्या कोनाची. उरलेली साखर काढण्यासाठी दर वाचनातून अंतिम कोन वजा करावा लागतो. तो जरा जरी चुकला, तरी सुरुवातीच्या बिंदूंना फारसा धक्का लागत नाही, पण शेवटी वजाबाकी लहान होत जाते आणि उरलेल्या साखरेचा लघुगणक काळासमोर मांडला की येणारी सरळ रेषा शेपटीकडे वाकते. मग ही वाकडी रेषा अभिक्रियेचीच आहे असे समजून नसलेली दुसरी कोटी शोधली जाते. दहा अर्धायुकाल (उरलेला पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ म्हणजे एक अर्धायुकाल) थांबले, तर साखर एक हजारांशापेक्षाही कमी उरते आणि कोन विश्वासार्ह मिळतो. घाईने द्रावण उकळून अंतिम कोन घेऊ नये, कारण गरम आम्लात फ्रुक्टोजचेही विघटन होते. एडवर्ड गुगेनहाइम यांनी १९२६ मध्ये यातून वाट काढली : वाचनांच्या दोन मालिका ठरावीक अंतराने घ्यायच्या आणि जोडीजोडीने वजाबाकी करायची, म्हणजे अंतिम कोन गणितातून आपोआप गळून पडतो.

कोटी कशी ठरते

वेगनियमातील संहतीचा घात म्हणजे कोटी. समतोलित समीकरणातल्या गुणांकांवरून ती ओळखता येत नाही, प्रयोगानेच ठरवावी लागते. एक सोडून बाकीचे सर्व अभिकारक मुबलक घेतले, की त्या एकाचाच परिणाम वेगळा काढता येतो. वेगवेगळ्या संहतींपासून सुरुवात करून पहिल्या काही क्षणांचा वेग मोजणे हा दुसरा मार्ग. उत्पादन स्वतःच वेगात ढवळाढवळ करत असेल तेव्हा तो विशेष उपयोगी पडतो. ऑगस्टस हारकोर्ट आणि विल्यम एसन यांनी १८६० च्या दशकात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड यांच्या अभिक्रियेत थायोसल्फेटची मोजकी मात्रा आणि स्टार्च घालून ठेवले. अभिक्रियेतून तयार होणारे आयोडीन थायोसल्फेट लगेच संपवते; थायोसल्फेट संपले की आयोडीन उरते आणि स्टार्चमुळे द्रावण क्षणात निळे होते. वेळ टिपायची, पुढची मात्रा टाकायची, पुन्हा निळा रंग येण्याची वाट पाहायची. अभिक्रियेलाच घड्याळ बनवण्याची ही युक्ती आहे.

प्रयोग किती वेळ चालू ठेवायचा, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. समजा पहिल्या आणि दुसऱ्या कोटीच्या दोन अभिक्रियांत अर्धा पदार्थ एकाच वेळी संपतो. त्याच्या निम्म्या वेळी पहिलीत ७०.७ टक्के उरलेला असतो, दुसरीत ६६.७ टक्के. चार टक्क्यांचा हा फरक मोजमापाच्या चुकीत सहज बुडतो. अर्धा पदार्थ संपायला लागणाऱ्या वेळेच्या तिप्पट थांबले, तर आकडे १२.५ आणि २५ होतात आणि वादच उरत नाही. अर्ध्यावर थांबवलेल्या प्रयोगातून कोटी जाहीर करणे ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे.

तापमान

स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये वेग आणि तापमान यांचे नाते मांडले तेही याच साखरेच्या अभिक्रियेवर. वेगस्थिरांकाचा लघुगणक निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तासमोर मांडला की सरळ रेषा येते. तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा मिळते आणि छेदावरून घातपूर्व गुणक. दर १० अंशांना वेग दुप्पट होतो हा सर्वांच्या तोंडी असलेला नियम खोलीच्या तापमानाजवळ सुमारे ५३ किलोज्यूल प्रति मोल सक्रियण ऊर्जा असलेल्या अभिक्रियेलाच नेमका लागू पडतो. साखर फुटण्याची सक्रियण ऊर्जा १०८ च्या आसपास आहे. तिथे २५° से. ला तापमापी एका अंशाने चुकली, तर वेगस्थिरांक सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो. म्हणून गतिकीच्या प्रयोगशाळेत महागड्या वर्णपटमापकाआधी चांगले स्थिरतापी पाणपात्र लागते.

तापमानांमधले अंतरही तितकेच महत्त्वाचे. वेगस्थिरांकात पाच टक्के अनिश्चितता धरली आणि २५ व ३५ अशा दोनच तापमानांवर मोजले, तर सक्रियण ऊर्जेत साडेपाच किलोज्यूलच्या आसपास अनिश्चितता येते; २५ आणि ६५ घेतले तर दीडच.

घातपूर्व गुणकाची गोष्ट वेगळी. रेषेचा छेद अनंत तापमानावर असतो आणि मोजमाप मात्र खोलीच्या तापमानाजवळच्या छोट्या पट्ट्यात. उतार किंचित बदलला तरी इतक्या लांबवर छेद कितीतरी पटींनी हलतो. परिणामी दोन्ही प्राचल हातात हात घालून चुकतात : सक्रियण ऊर्जा जास्त निघाली की गुणकही जास्त निघतो. सारख्या अभिक्रियांच्या मालिकेत या दोहोंचे सुबक नाते दिसले, की त्यामागे रसायनशास्त्र आहे की केवळ गणिताची ही ओढ, हे आधी तपासावे. उपाय सोपा आहे. समीकरण अशा रीतीने लिहायचे, की अनंत तापमानावरच्या गुणकाऐवजी मोजलेल्या पट्ट्याच्या मध्यावरचा वेगस्थिरांकच प्राचल म्हणून येईल. त्याने दोघांची सांगड बरीचशी सुटते.

वेगवान अभिक्रिया

द्रावणे मिसळायलाच अभिक्रियेपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर घड्याळ काय कामाचे? हार्ट्रिज आणि रफटन यांनी १९२३ मध्ये दोन प्रवाह नळीच्या तोंडाशी मिसळून पुढे वाहू दिले. मिसळण्याच्या जागेपासूनचे अंतर भागिले प्रवाहाचा वेग म्हणजे काळ. हिमोग्लोबिनचे प्रयोग त्यांनी असे केले. पुढे प्रवाह एकदम थांबवून निरीक्षण करण्याची पद्धत आली आणि ती मिलिसेकंदापर्यंत पोहोचली. त्याच्या खाली जाण्यासाठी मानफ्रेड आयगेन यांनी मिसळणेच टाळले : समतोलात असलेल्या द्रावणाला तापमानाचा किंवा विद्युत क्षेत्राचा झटका द्यायचा आणि ते नव्या समतोलाकडे कसे सरकते ते पाहायचे. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांपासून पाणी बनण्याचा वेगस्थिरांक या मार्गाने मोजला गेला. तो २५° से. ला सुमारे १४,००० कोटी लिटर प्रति मोल प्रति सेकंद आहे. आयगेन यांना, तसेच प्रकाशाच्या लखलखाटाने वेगवान अभिक्रिया सुरू करून पाहणाऱ्या नॉरिश आणि पोर्टर यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूतला बंध तुटतानाचा क्षण फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) लेसरने पाहणाऱ्या अहमद झेवेल यांना ते १९९९ मध्ये मिळाले.

एन्झाइम आणि पुन्हा साखर

लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये इन्व्हर्टेज एन्झाइमने साखर फोडली. ध्रुवणमापक तोच, पण एक अडचण त्यांनी नेमकी ओळखली होती. नुकतेच सुटलेले ग्लुकोज आपले वलन सावकाश बदलत राहते, म्हणून चालू अभिक्रियेचा कोन साखरेचे खरे प्रमाण सांगत नाही. त्यांनी ठरावीक वेळी नमुना काढून त्यात अल्कली घातली. अल्कलीने एन्झाइम थांबते आणि ग्लुकोजचे वलनही झटपट स्थिरावते. आम्लतेवर ताबा आणि सुरुवातीच्या वेगांचे मोजमाप यांच्या जोडीला ही काळजी होती, म्हणूनच त्यांचे आकडे टिकले. २०११ मध्ये त्या मूळ आकड्यांचे संगणकावर पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा त्यांनी हाताने काढलेला स्थिरांक जवळपास तसाच निघाला.

नंतर अनेक वर्षे एन्झाइमचे प्राचल काढताना वेग आणि संहती दोन्हींचे व्यस्त घेऊन सरळ रेषा काढायची प्रथा पडली. ती चुकीला आमंत्रण देते. वेग १.० आणि चूक ०.०२ असेल, तर व्यस्त ०.९८ ते १.०२ मध्ये राहतो. वेग ०.१ आणि चूक तीच असेल, तर व्यस्त ८.३ ते १२.५ इतका पसरतो, आणि रेषेचा कल ठरवतात नेमके हेच दूरचे, डळमळीत बिंदू.

उत्प्रेरक आणि रिअ‍ॅक्टर

घन उत्प्रेरकाच्या दाण्यावर मोजलेला वेग नेहमी रसायनाचाच असतो असे नाही. अभिकारकाला दाण्यापर्यंत पोहोचायचे असते आणि मग त्याच्या छिद्रांतून आत विसरण पावायचे (आपोआप पसरत जायचे) असते. ही वाट अरुंद असेल तर दाण्याचा गाभा उपाशी राहतो. अर्नेस्ट थील यांनी १९३९ मध्ये याचे गणित मांडले. आतले विसरण वरचढ झाले, की मोजलेली सक्रियण ऊर्जा खऱ्या आकड्याच्या साधारण निम्मी भरते आणि दुसऱ्या कोटीची अभिक्रिया दीड कोटीची भासते. आलेख मात्र छान सरळ येतो, त्यामुळे संशय येत नाही. दाणे बारीक कुटून वेग बदलतो का ते पाहावे. बाहेरच्या अडथळ्यासाठी ढवळण्याचा वेग वाढवून पाहावे. दोन्हींनी फरक पडेनासा झाला, की मगच आकड्याला गतिकीय म्हणावे.

अभियंत्याला हे प्राचल लागतात ते रिअ‍ॅक्टरचा आकार ठरवण्यासाठी आणि त्याहून अधिक सुरक्षेसाठी. उष्णता निर्माण होण्याचा वेग तापमानासोबत घातांकी वाढतो, तर भिंतीतून उष्णता निघून जाण्याचा वेग सरळ रेषेत. निकोलाय सेमेनोव्ह यांनी १९२८ मध्ये दाखवले, की ठरावीक सीमेपुढे या दोन रेषा भेटतच नाहीत आणि तापमान हाताबाहेर जाते. इटलीत सेवेसोजवळ १० जुलै १९७६ रोजी ढवळणी बंद करून गरमच सोडलेल्या मिश्रणात काही तासांनी असेच घडले आणि डायऑक्सिन या अतिविषारी पदार्थाचा ढग बाहेर पडला. अशा मंद पण उष्णतादायी विघटनांचे प्राचल कॅलरीमापकात मोजतात. होमर किसिंजर यांच्या १९५७ च्या पद्धतीत नमुना वेगवेगळ्या दरांनी तापवून उष्णतेचे शिखर किती सरकते त्यावरून सक्रियण ऊर्जा काढतात.

प्रतिमाने

अनेक पायऱ्यांच्या अभिक्रियेत प्रत्येक घटकासाठी एक अवकल समीकरण (संहतीच्या बदलाचा दर सांगणारे) मांडावे लागते. या समीकरणांचा संच म्हणजे अभिक्रियेचे प्रतिमान. मिथेनच्या ज्वलनासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध यंत्रणेत ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. यांतल्या काही अभिक्रिया इतरांपेक्षा कोट्यवधी पटींनी वेगवान असल्याने साधी गणनपद्धत अतिसूक्ष्म पावले टाकत अडून बसते. कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांनी १९५२ मध्ये अशा समीकरणांना ‘ताठ’ हे नाव दिले आणि ती सोडवण्याची वेगळी पद्धतही सुचवली. प्रतिमानाचे वक्र आणि प्रयोगाचे बिंदू यांतील तफावतींच्या वर्गांची बेरीज किमान होईल असे प्राचल मग संगणक शोधतो.

तो काहीतरी उत्तर देतोच, आणि तिथेच जपावे लागते. एन्झाइमच्या प्रयोगात साखर फार विरळ घेतली, तर मोजमापातून कमाल वेग आणि मायकेलिस स्थिरांक (वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती साखरेची संहती) यांचे गुणोत्तर तेवढे ठरते. दोघांना एकदम दुप्पट केले तरी वक्र जागचा हलत नाही. अशा वेळी मोजमापांची संख्या वाढवून उपयोग नसतो, दाट साखरेवर मोजावे लागते. उरलेल्या तफावती काळासमोर मांडून पाहणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे : त्या विखुरलेल्या असतील तर ठीक, पण आधी वर, मग खाली अशी लाट दिसली तर प्रतिमानच चुकले आहे.

आकडे चपखल बसले, तरी यंत्रणा सिद्ध होत नाही. हायड्रोजन आणि आयोडीन यांच्यापासून हायड्रोजन आयोडाइड बनण्याची अभिक्रिया मॅक्स बोडेनस्टाइन यांनी १८९० च्या दशकात अतिशय काळजीपूर्वक मोजली. वेग दोन्ही संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात निघाला, म्हणून दोन रेणू एकमेकांवर आदळून एकाच पायरीत अभिक्रिया होते असे पुढे कित्येक दशके शिकवले गेले. पण आयोडीनचे रेणू आधी अणूंत फुटत असतील आणि दोन अणू एका हायड्रोजन रेणूशी अभिक्रिया करत असतील, तरी वेगनियम हाच येतो. जॉन सलिव्हन यांनी १९६७ मध्ये, औष्णिक अभिक्रिया जवळपास ठप्प असते अशा कमी तापमानावर, प्रकाशाने आयोडीनचे जादा अणू तयार केले. वेग त्या अणूंच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढला. एका पायरीची कल्पना त्यानंतर मागे पडली; बोडेनस्टाइन यांचे वेगस्थिरांक मात्र जसे होते तसेच वापरात राहिले.