सोळास एक : चांदीच्या भावावर लढलेली अमेरिकेची निवडणूक

अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी असायची, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम. सोन्याच्या डॉलरचे प्रमाण २३.२२ ग्रेन, जेमतेम दीड ग्रॅम. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की १५.९९ येतात. १८९६ साली अमेरिकेच्या गावोगावी लोक ‘सोळास एक’ म्हणत होते ते हेच गुणोत्तर. गुलामगिरी, युद्ध, बेकारी अशा मुद्द्यांवर अध्यक्षपदाच्या निवडणुका झाल्या हे आपल्याला ठाऊक असते. एका भागाकारावरही एक निवडणूक झाली, आणि भाव मतदाराला नेमका कुठे बोचतो हे तिच्याइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

आधी हिशेब. १७९२ च्या कायद्याने अमेरिकेत सोने आणि चांदी दोन्ही चलन ठरले. कोणीही धातू घेऊन टांकसाळीत जावे आणि ठरलेल्या वजनाची नाणी पाडून घ्यावीत, याला मुक्त टांकन म्हणत. गोम अशी की दोन धातूंचे गुणोत्तर कायद्याने बांधलेले, पण बाजार कोणाच्या बापाचा नसतो. सुरुवातीला अमेरिकेने १५ स एक ठेवले, तेव्हा फ्रान्समध्ये साडेपंधरा होते. अमेरिकेत सोने स्वस्त धरले गेले, म्हणून सोने देशाबाहेर गेले. १८३४ साली गुणोत्तर जवळपास १६ केले, तर उलटे झाले : चांदी टांकसाळीपेक्षा बाहेर महाग विकली जाऊ लागली आणि चांदीचे डॉलर पाडून घ्यायला कोणी येईना. ज्या धातूला कायदा कमी मोल देतो तो चलनातून गायब होतो, हा ग्रेशमचा नियम. तो इथे एकदा नव्हे, दोनदा दिसला.

म्हणूनच १८७३ च्या नाणेकायद्यातून चांदीचा डॉलर वगळला तेव्हा फारसे कोणी हूं की चूं केले नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र चित्र पालटले. जर्मनीने सुवर्णमान, म्हणजे फक्त सोन्यावर बांधलेले चलन, स्वीकारून आपली चांदी विकायला काढली आणि नेवाडातल्या खाणींतून नवी चांदी येऊ लागली. भाव घसरला. आता टांकसाळ उघडी असती तर चांदीवाल्यांना घसघशीत फायदा झाला असता. तेव्हा कुठे त्या कायद्याला ‘त्र्याहत्तरचा गुन्हा’ असे नाव पडले.

खाणमालकांचा स्वार्थ समजण्यासारखा आहे, पण शेतकऱ्याला चांदीचे काय पडले होते? गव्हाचा भाव १८८० च्या सुमारास बुशेलला (अमेरिकेतले धान्याचे माप) डॉलरभर होता, तो १८९४-९५ मध्ये पन्नास सेंटच्या आसपास आला. कॅन्सस-नेब्रास्कातल्या एखाद्याने जमीन गहाण टाकून हजार डॉलर उचलले असतील, तर कर्ज घेताना ते एक हजार बुशेल गव्हाएवढे होते. मुद्दल एका पैशाने न वाढता पंधरा वर्षांनी तेच कर्ज दोन हजार बुशेलांचे झाले. व्याज वेगळेच. १८७५ ते १८९६ या काळात अमेरिकेतली सर्वसाधारण किंमतपातळी वर्षाला सरासरी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास उतरत होती. ऐकायला किरकोळ वाटते, पण वीसेक वर्षांचा गुणाकार केला की सुमारे तीस टक्के होते. धान्याचे उत्पादन आणि व्यापार वाढत होता, त्या मानाने सोन्याचा साठा वाढत नव्हता. पैसा दुर्मीळ झाला म्हणून महाग झाला, आणि कर्ज मात्र पैशातच फेडायचे होते. चांदी मुक्त केली की पैसा वाढेल, भाव चढतील आणि कर्ज हलके होईल, हा शेतकऱ्याचा तर्क. अर्थशास्त्र म्हणून तो अडाणी नव्हता. चूक असलीच तर मात्रेत होती.

सरकारने मधला मार्ग काढला होता. १८९० च्या शेर्मन कायद्याने दरमहा ४५ लाख औंस चांदी खरेदी करायची आणि बदल्यात नोटा द्यायच्या. या नोटा सोन्यातही वटवता येत. मग काय होणार? लोक चांदी द्यायचे, नोट घ्यायचे आणि नोट देऊन सोने न्यायचे. खजिन्यातला सोन्याचा साठा १० कोटी डॉलरच्या खाली जाऊ नये असा संकेत होता, १८९३ च्या एप्रिलमध्ये तो मोडला. बँका आणि रेल्वे कंपन्या बुडू लागल्या.

याच वेळी आपल्याकडे एक गोष्ट घडली. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी चांदीच्या मुक्त टांकनासाठी बंद केल्या. रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. चांदी पडत गेली तसा सुमारे दोन शिलिंगांचा रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला होता, आणि लंडनला पाठवायचा सरकारी खर्च पौंडात द्यायचा असल्याने सरकारचे कंबरडे मोडत होते. हिंदुस्थान हे जगातल्या चांदीचे फार मोठे गिऱ्हाईक. ते दार लागताच चांदी धाडकन आपटली. चारच दिवसांनी, ३० जूनला, अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शेर्मन कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, खास अधिवेशन बोलावले. मुंबईच्या गिरणीवाल्यांनीही या निर्णयावर बोटे मोडली, कारण त्यांचे सूत चीनला जाई आणि चीनचे चलन चांदीच. रुपया चांदीपासून तुटला की चिनी गिऱ्हाइकाला ते सूत महाग.

१८९६ पर्यंत बाजारातले गुणोत्तर तीस स एकच्या आसपास पोहोचले. चांदीच्या डॉलरमधली चांदी बाजारात सुमारे ५३ सेंटला मिळे. ‘सोळास एक’ म्हणजे ५३ सेंटचा माल टांकसाळीत द्यायचा आणि बंदा डॉलर घेऊन यायचे.

९ जुलै १८९६ रोजी शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा ३६ वर्षांचा वक्ता उभा राहिला आणि मानवजातीला सोन्याच्या क्रूसावर चढवू नका म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत त्याला उमेदवारी मिळाली. नंतर त्याने रेल्वेने सुमारे १८ हजार मैल प्रवास केला. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार मॅकिन्ली ओहायोतल्या कँटनला घराच्या ओसरीवरच बसले. रेल्वे कंपन्यांनी भाड्यात सूट दिली आणि सुमारे साडेसात लाख लोक त्यांना ऐकायला तिथे गेले. गंमत म्हणजे मॅकिन्लींना आयातकरावर निवडणूक लढवायची होती. चांदीबाबत ते पूर्वी बऱ्यापैकी मवाळ होते. पण मुद्दा उमेदवाराच्या सोयीने निघत नाही.

मग एवढे कर्जबाजारी शेतकरी असून ब्रायन पडला कसा? भाव चढले की कर्जदाराचे भले होते, पण मजुरी लगेच चढत नाही. पिट्सबर्गच्या भट्टीवर काम करणाऱ्याला गहू महाग म्हणजे पाव महाग, एवढेच दिसणार. बचत खात्यात चार डॉलर असलेल्याला ते ५३ सेंटच्या डॉलरात परत मिळण्याची धास्ती. पूर्वेकडच्या शेतकऱ्याचीही गोष्ट वेगळी : तो दूध आणि भाजी जवळच्या शहरात विकायचा, लिव्हरपूलच्या गव्हाच्या भावावर जगत नव्हता. ब्रायनला दक्षिण आणि पश्चिमेची २२ राज्ये मिळाली, पण ईशान्येकडचे एकही नाही. मॅकिन्ली ५१ टक्के मतांनी, निवडमंडळात (राज्यवार मतांनी अध्यक्ष ठरवणारे मंडळ) २७१ विरुद्ध १७६ असे जिंकले.

आणखी एक धागा आपल्याकडचाच. त्या वर्षी हिंदुस्थानात पाऊस फसला, दख्खनसह मोठ्या भागात दुष्काळ पडला आणि इथून गहू बाहेर जाणे आटले. रशियातही पीक कमी होते. ऐन प्रचाराच्या शरदात अमेरिकेत गव्हाचा भाव चढू लागला. चांदीशिवाय गहू चढणार नाही असे ब्रायन सांगत होता, आणि चांदी न हलता गहू चढत होता.

निवडणुकांचे आजचे अभ्यासक ज्याला फार महत्त्व देतात ते हेच : मतदार चार वर्षांची सरासरी काढत नाही, शेवटच्या काही महिन्यांत हात किती आखडला ते पाहतो. १९९२ मध्ये मंदी कागदोपत्री मार्च १९९१ लाच संपली होती, पण बेकारी वाढत जाऊन जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर पोहोचली, आणि थोरले बुश हरले. १९८० मध्ये उलटा रोग होता. महागाईचा दर १३.५ टक्के, आणि कार्टर यांना निवडमंडळात फक्त ४९ मते. महागाईत आणखी एक फसगत असते. दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नाही. जून २०२२ मध्ये ९.१ टक्के असलेला दर २०२४ पर्यंत तीनच्या आसपास आला, तरी दुकानातली पाटी २०२१ च्या आरंभापेक्षा सुमारे वीस टक्के वरच होती. अर्थतज्ज्ञ दर वाचतात, गिऱ्हाईक पाटी वाचते.

ब्रायन १९०० ला पुन्हा उभा राहिला, पुन्हा चांदी घेऊन. तोवर त्याच्या मुद्द्यातली हवा एका रसायनाने काढून घेतली होती.

दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला १८८६ मध्ये सोने सापडले होते. वरच्या थरातले खनिज दळून पाऱ्यावरून नेले की पारा सोने धरून ठेवी. खोल गेल्यावर सोने लोहमाक्षिकात (लोह आणि गंधकाचे खनिज) अडकलेले निघू लागले. त्याला पारा चिकटेना आणि बरेच सोने गाळाबरोबर वाहून जाई. ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये सायनाइडच्या पद्धतीचे पेटंट घेतले. खनिजाची पूड टाकीत घ्यायची, त्यावर सायनाइडचे अगदी पातळ द्रावण सोडायचे आणि हवा खेळती ठेवायची. हवेतल्या प्राणवायूशिवाय सोने विरघळत नाही. चुना घालून द्रावण अल्कधर्मी ठेवावे लागते. ते विसरले तर सायनाइडचा विषारी वायू सुटतो आणि महागाचे रसायनही उडून जाते. मग निथळलेले द्रावण जस्ताच्या कातळीवरून न्यायचे : जस्त विरघळते आणि त्याच्या जागी काळसर भुकटीच्या रूपात सोने बसते. पाऱ्याने न धरलेल्या खनिजातूनही आता नव्वद टक्क्यांच्या आसपास सोने हाती येऊ लागले. जगाचे वार्षिक सोने-उत्पादन १८९० च्या दशकात दुपटीहून जास्त झाले, त्यात ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सापडलेल्या सोन्याची भर पडली.

पैसा वाढला, भाव चढू लागले आणि १९१४ पर्यंत चढतच राहिले. ब्रायनला हवी होती तीच भाववाढ झाली, पण सोन्यातून. १९०० च्या मार्चमध्ये काँग्रेसने सुवर्णमानाचा कायदा केला : डॉलर म्हणजे नऊ-दशांश कसाचे २५.८ ग्रेन सोने. शुद्ध धातू काढला तर २३.२२ ग्रेन, १८३७ पासून चालत आलेलाच आकडा. त्या नोव्हेंबरात ब्रायनला निवडमंडळात १५५ मते मिळाली, मॅकिन्लींना २९२.