पितळ उघडं पडतं तेव्हा

"गार होऊ दे की, सुटतंय आपोआप."

राधानगरीकडचे पाव्हणं बंदूक दुरुस्तीच्या दुकानात हे ठासून सांगत होते, आणि मी बाकावर बसून चहा पीत होतो. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, वडिलांच्या वेळची ३१५ बोअरची रायफल. बोल्ट, म्हणजे मागून रायफल बंद करणारा दांडा, मागे ओढला तर पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचं, बूड तेवढं बाहेर आलं; पुंगळीची पुढची नळी चेंबरातच, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीतच, राहिली. रायफल गार होऊन दोन दिवस झाले होते.

त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून आपल्याकडं रायफलीवर बोलणारे भरपूर झालेत. पण त्याची .२२ ची रायफल वेगळ्या जातीची. तिच्यात दाब बराच कमी, त्यामुळं ही भानगड सहसा होत नाही.

उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, हे शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं की काहीही अडकलं की आपण तेच कारण चिकटवतो. इथं खरं कारण दाबाचं आहे. दारू पेटली की मोठ्या रायफलीच्या चेंबरात हवेच्या दाबाच्या सुमारे ३,००० पट दाब तयार होतो, तोही एक-दोन मिलिसेकंद. पितळी पुंगळी फुगून पोलादी भिंतीला चिकटते. चिकटायलाच हवी, नाहीतर जळता वायू मागं नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येईल. आणि दाब उतरताच तिनं भिंत सोडायलाही हवी.

हे सोडणं कसं घडतं, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा वाकवणाऱ्याला विचारा. ९० अंशांचा कोन हवा असेल तर तो पत्रा थोडा जास्तच दाबतो, कारण दाब काढला की पत्रा अंश-दोन अंश परत उघडतो. याला तो स्प्रिंगबॅक म्हणतो. पुंगळीही फुगताना कायमची थोडी ताणली जाते आणि दाब गेल्यावर किंचित परत येते. गंमत अशी की चेंबरही दाबाखाली केसभर फुगलेला असतो आणि तोही परत येतो. पुंगळी त्याच्यापेक्षा जास्त आक्रसली तर ती मोकळी, कमी आक्रसली तर चेंबरच तिला आवळून धरतो.

किती परत यायचं हे दोन गोष्टींवर ठरतं: धातू कायमचा वाकण्याआधी किती ताण सोसतो, आणि तो मुळात किती ताठ आहे. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. पितळाचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा. म्हणजे तेवढ्याच ताणाला पितळ जवळपास दुप्पट परत येतं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त हे मिश्रण पुंगळीसाठी टिकून राहिलं त्यामागं हे एक मोठं कारण. मात्र पितळ कडक असेल तरच. तांबट भांडं तापवून मऊ करतो आणि ठोकून घट्ट करतो, तोच न्याय. पुंगळीचं बूड कडक ठेवतात, मान मात्र तापवून मऊ करतात, म्हणजे ती गोळी धरून तडकत नाही. कुणी अख्खी पुंगळी तापवली, की ती चेंबरात बसलीच म्हणून समजा.

मग ही तुटली का? पुंगळीचा पातळ पुढचा भाग भिंतीला घट्ट धरलेला असतो, जाड बूड मात्र दाबानं मागं रेटलं जातं. बोल्ट झिजून बुडामागं फट पडली असेल, तर मधलं पितळ ताणतं आणि बुडाच्या जरा पुढं गोल तुटतं. शिवाय पाव्हण्यांच्या डब्यातल्या दोन काडतुसांच्या मानेवर उभी भेग होती. डबा असतो गोठ्यावरच्या माळ्यावर. इंग्रज फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात अशीच तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळात आधीच उरलेला ताण, हा उलगडा १९२१ साली झाला. गोमूत्रानं सगळं शुद्ध होतं म्हणणाऱ्यांनी निदान पितळाला तरी त्यातून वगळावं.

गार करण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं. १२ मिलिमीटरच्या चेंबरात ४० अंश थंडाव्यानं जेमतेम ०.००४ मिलिमीटर फरक पडतो. केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा.

दुकानाच्या मिस्त्रींनी आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, तिचं तोंड भिंतीकडं ठेवलं. मग काडतुसाच्या आकाराचं पोलादी हत्यार चेंबरात सारलं. ते तुटलेल्या नळीतून पुढं जातं आणि त्याचा ओठ मानेच्या पुढच्या कडेला अडकतो. बोल्ट लावला, ओढला. हत्याराबरोबर नळी बाहेर. हत्यार नसेल तर जाड तारेचा ब्रश नळीत घुसवून ओढतात, किंवा पाणी उकळण्याआधीच वितळणारं बिस्मथ या धातूचं मिश्रण ओतून, थिजल्यावर पुढून सळईनं ढकलतात. मागून दुसरं काडतूस रेटायचं मात्र नाही. खंडेनवमीला रायफल जरूर पुजा, पण तेल चेंबरात नको. तेलानं पुंगळीची भिंतीवरची पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

नळीची तुटकी कड चकचकीत होती. पाव्हण्यांनी ती नखानं चाचपली.

"रायफल नेऊ?"

"फट मोजल्याशिवाय देत न्हाई."

"आणि डबा कुठं ठेवू?"

"गोठा सोडून कुठंबी."